माईंचे चार वाफे

“पण संन्याशाला वाफे कशाला हवेत, माई?”

चिदंबरने हे विचारलं तेव्हा केशरमाई विळीवर भेंडी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात चिदंबर सहा वर्षं माईंजवळ शिकत होता. आता तो त्यागावर प्रवचनं देई. लोक माना डोलावत, आणि ते त्याला आवडे.

मठामागे माईंचे भेंडीचे चार वाफे होते. दिवसाआड त्या हाताला फडकं गुंडाळून शेंगा तोडत. एखादा दिवस चुकला की शेंगा जून होत. मग चिरलेल्या चकत्यांना मीठ-ताक लावून उन्हात कडकडीत वाळवत आणि डबे भरत. उन्हाळ्यात पायथ्याच्या वीटभट्टीवरच्या बायका ते डबे नेत. त्या दिवसांत भट्टीवर दुसरी भाजी नसे.

यंदा विश्वस्तांनी तिथे गाड्या उभ्या करायला फरशी घालायचं ठरवलं. अध्यक्ष घोलप स्वतः येऊन, सोमवारी खोदायचं यंत्र येईल, असं सांगून गेले. माई ‘नाही’ म्हणाल्या. एवढंच.

म्हणून चिदंबर समजूत घालत होता. माती कुणाची नसते, आसक्ती सुटत नाही तोवर मुक्ती नाही... तो बराच वेळ बोलला.

“तू सगळं सोडलंस?” माईंनी विचारलं.

“सोडलं.”

“बरं झालं. हात मोकळे आहेत तर या चकत्या वाळत घाल.”

त्याने घातल्या. पण चेहरा उतरला होता.

सोमवारी यंत्र आलं. माई विळी घेऊन वाफ्यांच्या मधोमध जाऊन बसल्या आणि भेंडी चिरू लागल्या. ड्रायव्हरने यंत्र जागीच थांबवलं.

घोलप पुढे आले. “माई, तुम्ही संन्यासिनी. चार भेंड्यांसाठी एवढा हट्ट?”

“हो.”

विळीचा आवाज चालूच राहिला...

घोलप चिदंबरकडे वळले. तुम्ही यांचे शिष्य, तुम्हीच यांना त्याग समजावून सांगा, म्हणाले.

चिदंबरने तोंड उघडलं. शब्द तयार होते. तेवढ्यात यंत्र वर गेलेलं पाहून भट्टीवरची एक बाई टेकडी चढून आली. ती माईंच्या शेजारच्या वाफ्यात मांडी घालून बसली. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. त्या दोघी पुढच्या दोन वाफ्यांत बसल्या.



चिदंबर चालत गेला आणि चौथ्या वाफ्यात बसला.

दुपारपर्यंत यंत्र घरघरत उभं होतं. मग ड्रायव्हरने ते मागे घेतलं. घोलपही त्यामागे टेकडी उतरले.

चिदंबर माईंकडे वळला.

“माई, सहा वर्षं मी सोडायला शिकलो. आता काय शिकू?”

माईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“आधी जरा सरकून बस. तुझ्याखाली रोप आहे.”