मुकं गाव आणि सरदेसायांची जीभ

जेवताना जीभ चावली, की कुणीतरी आपल्याला शिव्या देतंय, असं आपल्याकडे समजतात. कोळंब्याच्या सरदेसायांची जीभ एकाच जागी तीनदा चावली, तेव्हा त्यांनी दवंडी पिटवली, "गावात जो तोंड उघडेल, त्याची जीभ छाटू."

गाव मुकं झालं. विहिरीवर बायका खुणांनी बोलू लागल्या, पाळण्यातली पोरंही रडेनाशी झाली. भर दुपारी ऐकू येई ते फक्त सरदेसायांचं शिव्या देत ओरडणं.

पाचव्या दिवशी जीभ पुन्हा चावली. त्यांनी वैदीण चिमाक्काला बोलावलं.

"शिव्या देणाऱ्याचं नाव सांग. नाहीतर तुझीच जीभ छाटतो."

चिमाक्कानं हळद कालवलेला मध जखमेवर लावला.

"सरकार, बाहेर काय ऐकू येतंय?"

सरदेसायांनी कान दिला. पानसुद्धा हलत नव्हतं.

"काहीच नाही."

"मग पाच दिवस या गावात एकच माणूस शिव्या देतोय. त्याचं नाव मी घेऊ, की तुम्ही घेता?"

तिनं मधाची वाटी खाली ठेवली.

"आता गार पेज घ्या, आणि तीन दिवस स्वतःचा हुकूम पाळा."

तीन दिवसांत जीभ भरून आली. दवंडीवाल्यानं खुणेनंच विचारलं, "हुकूम मागे घ्यायचा, सरकार?"

सरदेसायांनी नुसती होकारार्थी मान हलवली.