आधी दिवा

घरचं धान्य जमिनीच्या पोटात राहायचं, त्या काळची ही गोष्ट. गिरजाबाईच्या खळ्याच्या कडेला कानू उंदीर राहायचा. पाल चुकचुकली तरी ही कुणाला बोलावतेय, अशी त्याला शंका यायची.

एके सकाळी घूसमावशी धापा टाकत आली. "चल कानू, गिरजाबाईनं पेव उघडलंय!"

"पेव म्हणजे?"

"अरे, जमिनीत खोल खणून बांधलेलं ज्वारीचं कोठार. आपल्या बिळासारखंच, फक्त काठोकाठ भरलेलं!"

दोघं बाभळीआड दबून बसली. गिरजाबाईनं शिंक्यात पणती ठेवून ती दोरीनं पेवात सोडली. जराशी खाली जाताच पणती विझली. "आज कुणी उतरायचं नाही रे," असं पोरांना बजावून, पेवाचं तोंड उघडंच टाकून ती सगळ्यांना घेऊन घरी गेली.

"अंधाराला भ्याली!" घूस हरखली.

कानूच्या मिशा थरथरल्या. "मावशी, सांडलेला दाणा न् दाणा वेचणारी बाई भरलं पेव उघडं टाकून जाते? यात काहीतरी काळंबेरं आहे."

"तू शंका काढत बस, मी ज्वारी खाते," म्हणत घूस आत उतरली.

थोडी खुडबुड ऐकू आली, मग काहीच नाही. कानूनं हाका मारल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी, आत कोंडलेली विषारी हवा निघून गेल्यावर, पणती खाली जाऊनही तेवत राहिली, तेव्हा माणसं उतरली. पहिल्याच टोपलीतून घूस वर आली. तिच्या तोंडातला दाणा अजून अख्खा होता.

पुढं कानूच्या पिल्लांनी विचारलं, "बाबा, पेव म्हणजे काय?"

"ज्यात आधी दिवा उतरतो," कानू म्हणाला, "आणि तो जगला तरच आपण."