कोरी पाठ

"हे मारुतीच्या शेजारी टांगलं तर चालंल का, वस्ताद?"

दौलू वस्तादांनी मान वर केली नाही. ते कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उकिडवे बसून तांबड्या मातीत ताक जिरवत होते. माती उलथायची, ताकाची धार सोडायची, पुन्हा उलथायची. वय ऐंशीच्या घरात, पण तालमीतलं हे काम त्यांनी अजून कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

दारात फौजेतला नाईक सर्जेराव मोहिते उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, पायात चकचकीत बूट आणि छातीवर दिल्लीत मिळालेलं शौर्यपदक.

तांबखडीत दोनच पिकं येतात, असं आजूबाजूच्या गावांत चेष्टेनं म्हणत. एक पैलवान आणि दुसरं शिपाई. दोन्हींचं बियाणं ह्याच तालमीतलं.

"दहाला शाळेच्या पटांगणात सत्कार हाय," सर्जेराव म्हणाला. "म्हटलं, आधी तालमीत जावं. जिंकलेली गदा आपण मारुतीपुढं ठेवतो की. तसंच हे."

"बूट काढ."

सर्जेराव ओशाळला. बूट घालून तालमीचा उंबरा ओलांडायची चूक त्यानं जन्मात केली नव्हती. त्यानं घाईनं बूट काढून बाहेर ठेवले.

"सदरा बी काढ."

"आत्ता? वस्ताद, नऊ वाजलं..."

"लंगोट खुंटीवर हाय."

तालमीत वस्तादांना कारण विचारायची रीत नाही. फौजेतही साहेबाला विचारत नाहीत, पण तिथं माणूस निदान मनात तरी विचारतो. इथं तेवढीही मुभा नाही. सर्जेरावनं पदकासकट सदरा खुंटीला अडकवला, लंगोट कसला आणि हौद्यात उतरला.

चार वर्षांनी पायाला ती माती लागली. गार, मऊ, ताकाचा आंबूस वास असलेली. त्याला एकदम बरं वाटलं. गेल्या सात महिन्यांत त्याचे अकरा सत्कार झाले होते, पण असं बरं एकदाही वाटलं नव्हतं.

सत्कारांची एक गंमत असते. पहिल्या सत्काराला त्यानं शत्रूची एक मशीनगन बंद पाडली होती. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत तिच्या तीन झाल्या. त्यानं स्वतःहून एकही वाढवली नाही, लोकांनीच वाढवल्या. त्यानं फक्त नाही म्हटलं नाही. आज तर हेडमास्तर त्याची शौर्यकथा छापील पुस्तिकेतून वाचून दाखवणार होते, आणि वर 'सत्यकथा' असं ठळक छापलं होतं.

"माती लाव अंगाला," वस्ताद म्हणाले.

त्यानं मांड्यांना माती लावली. दंडांना, छातीला, मानेला लावली. आणि मग सवयीनं वळून, किंचित वाकून उभा राहिला.

ह्या तालमीचा एक जुना नेम होता. स्वतःच्या पाठीला स्वतः माती लावायची नाही. ती जोडीदारानं लावायची.

मागं कुणीच नव्हतं.

"कुणाची वाट बघतोस?" वस्तादांनी विचारलं.

सर्जेराव तसाच वाकलेला राहिला...

"जालिंदरची," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला.

जालिंदर पवार. दोघं आठ वर्षांचे असताना वस्तादांनी त्यांची जोडी लावून दिली. मग जोर एकत्र, बैठका एकत्र, भरतीची रांग एकत्र, पलटण एक आणि शेवटी शिखरही एकच. त्या शिखरावरून सर्जेराव पदक घेऊन आला आणि जालिंदर पेटीतून आला.

गोळी जालिंदरच्या पाठीत लागली होती. शेवटची अंघोळ घालताना घरच्यांनी ती जखम पाहिली. दुसऱ्या एखाद्या गावात तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हे पैलवानांचं गाव. इथं पाठ मातीला लागली की माणूस संपला, हे पोरं चालायच्या आधी शिकतात. गावानं त्या जखमेचा अर्थ आपल्या मापानं लावला.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. गावं तोंडावर बोलतच नाहीत. फक्त तालमीच्या भिंतीवर हुतात्म्यांच्या यादीत जालिंदरचं नाव रंगवायचं होतं, ते आज-उद्या करत राहून गेलं. आणि त्याची आई सुंदरामावशी शनिवारी मारुतीला यायची, ती यायची थांबली.

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि हौद्यात उतरले. ओंजळभर माती घेतली. सर्जेरावच्या खांद्यापासून कमरेपर्यंत त्यांचा रुंद, खरखरीत तळवा हळूहळू फिरू लागला. लहानपणी ताप आला की आई फिरवायची, तसा.

फिरता फिरता हात थांबला.

"कोरी हाय," वस्ताद म्हणाले.

"काय, वस्ताद?"

"पाठ. म्होरं छातीला एक व्रण हाय, मांडीला एक हाय. पाठीला खरचटलंसुदिक न्हाई." हात पुन्हा फिरू लागला. "आशी कोरी कशी राहिली रं, लेका?"

सर्जेरावकडे ह्याचं उत्तर तयार होतं. शूराच्या पाठीवर वार नसतो, हे वाक्य त्यानं अकरा वेळा टाळ्यांच्या गजरात ऐकलं होतं. ते जिभेपर्यंत आलंही.

पण पाठीवर हात फिरत असताना माणसाला खोटं बोलता येत नाही.

तो मातीत बसला. वस्तादही त्याच्या मागं बसले, हात न काढता.

"मी गोठलो वस्ताद," तो म्हणाला. "वर चढत हुतो. पुढं जालिंदर, मागं मी. तो धोंड्याच्या आड पोचला. मी उघड्यावर हुतो आन् वरनं मशीनगन सुरू झाली. मी डोकं हातात धरून पडलो. पाय माझं न्हवतंच... हाका मारत हुता तो. मला ऐकू येत हुतं, पर हलता येईना."

वस्तादांचा तळवा पाठीवरून फिरत राहिला.

"तो आडोसा सोडून खाली आला. माझ्यासाठी माघारी आला. मला गचांडीला धरलं, अंगाखाली घेतलं आन् ढकलत ढकलत धोंड्यामागं घातलं. वरच्या बंदुकीकडं त्याची पाठ हुती..."

सर्जेरावनं मूठभर माती आवळून धरली.

"'ऊठ सर्ज्या' म्हणला. तेवढंच. मग उठलो मी. त्याच्या म्होरलं पदकाच्या कागदात लिव्हलंय, ते खरं हाय. मी वर गेलो, गोळ्या लागल्या तरी गेलो, बंदूक बंद पाडली. पर त्याच्या आधीचं..."

"आधीचं कुणाला म्हाईत हाय?"

"कुणाला न्हाई. साहेबांनी इचारलं, जालिंदर कसा पडला? मी म्हटलं, चढताना लागली. ते बी खोटं न्हवतं, वस्ताद."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "खोटं न्हवतं."

त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की सर्जेरावला रडूच कोसळलं. जिथं गोळ्या खाऊन डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, तिथं एका म्हाताऱ्याच्या दोन शब्दांनी तो लहान पोरासारखा रडला. वस्तादांनी त्याला रडू दिलं.

बाहेर शाळेच्या बाजूनं लाउडस्पीकर सुरू झाला. कुणीतरी आकडे मोजून माईक तपासत होतं.

"सुंदरानं तुला काय इचारलं हुतं?" थोड्या वेळानं वस्तादांनी विचारलं.

सर्जेराव चमकला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"इस्पितळातनं आलास त्या दिवशी तू तिच्या परसात उभा हुतास, ती तुझा हात धरून बोलत हुती. मी लांबनं बघितलं."

"'माझं पोर पळत हुतं का रं?' म्हणली."

"तू काय म्हणलास?"

"म्हटलं, मावशी, जालिंदर लई शूर हुता. देश त्याला इसरणार न्हाई." सर्जेरावनं मातीचा हात तोंडावरून फिरवला. "ती एक गोष्ट इचारत हुती आन् मी तिला भाषण दिलं. तिनं माझा हात सोडला, वस्ताद. हळूच सोडला. त्या दिवसापासनं मी त्या आळीनं गेलो न्हाई."

शिखरावर चढलेला माणूस गावातली एक आळी चुकवत होता. जखमेच्या रजेचे सात महिने तो पाणवठ्याला वळसा घालून जात होता, आणि कुणी विचारलं तर पायाला चालणं बरं असतं म्हणून सांगत होता.

वस्तादांचा हात आता स्थिर होता, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये.

"पन्नास वर्सं पोरांना मीच सांगत आलो," ते म्हणाले. "पाठ राखा. पाठ लागली की संपलं. समद्या गावाला म्या हे शिकवलं, सर्जा. जालिंदरचं नाव भिंतीवर यायचं थांबलं, ते गावानं थांबवलं न्हाई... माझ्या शिकवणीनं थांबवलं."

सर्जेरावनं वळून पाहिलं. वस्तादांच्या पांढऱ्या मिशीला माती लागली होती. एवढा थोराड माणूस, पण त्याला ते आज पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"तुमचा काय दोष, वस्ताद?"

"कुस्तीत आपली पाठ आपण राखायची, एवढंच मला येत हुतं. त्याच्या म्होरलं त्या पोराला आलं. मला न्हाई आलं."



मग सर्जेराव ताडकन उठला. फौजी माणसाला एकदा रस्ता दिसला की दम निघत नाही. "ते पदक मी मावशीला देऊन टाकतो. तिच्या पायावर ठेवतो. ते माझं न्हाईच."

"तुझंच हाय. वर तूच गेलास न्हवं?"

"मंग..."

"तिनं पदक मागितलं न्हाई."

"मंग आत्ता पटांगणात माईकवरनं सांगतो. समद्या गावाला कळू दे. पुस्तिका फाडा म्हणतो."

"टाळ्या पडतील," वस्ताद म्हणाले. "पयल्यापरीस जास्त पडतील."

सर्जेरावला ते समजायला एक क्षण लागला. मग मात्र त्याची मान खाली गेली. खरंच होतं. कबुलीचाही सत्कार होईल. हेडमास्तर डोळे पुसतील, सरपंच मिठी मारतील, आणि पलीकडच्या आळीत सुंदरामावशी चुलीपुढं एकटी बसून लाउडस्पीकरवरून ऐकेल की तिचं पोर पळत नव्हतं.

"आधी कुठं जायचं, ते तुला ठावं हाय," वस्ताद म्हणाले.

ठाऊक होतं. सात महिने ठाऊक होतं. पाणवठ्यापासून डाव्या हाताला, चौथं दार. त्या दाराची आठवण झाली आणि शिखरावर झालं होतं तेच त्याच्या पायांना झालं. जडशीळ. जणू दुसऱ्या कुणाचे. आणि ह्या वेळी माघारी येऊन गचांडी धरणारं कुणी नव्हतं.

"भ्या वाटतंय, वस्ताद."

"वाटंलच की."

"तिनं तोंड फिरवलं तर? म्हणली, तुझ्यापायी गेला माझा लेक, तर? खरंच हाय ते... दारातनंच हाकललं तर मी काय करू?"

वस्ताद हौद्यातून वर आले. पायाची माती झाडली. खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा त्यांनी दोन्ही हातांनी जपून उतरवला, पदक आत घेऊन त्याची नीट घडी घातली आणि पोटाशी धरून मारुतीपुढच्या ओट्यावर बसले.

लाउडस्पीकरवर सर्जेरावचं नाव घेतलं गेलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

सर्जेरावनं सदऱ्यासाठी हात पुढं केला.

"हा ऱ्हाऊ दे हितं," वस्ताद म्हणाले. "तिच्याकडं तू असाच जा."