मागे कोण रवलो?

“…मग मी ह्या गावचा नाही, असंच तुमचं म्हणणं ना, बाय?”

अनशीबायने मान वर केली नाही. ओहळाच्या काठावर बसून ती सुपातले तांदूळ निवडत होती. देवाला कौल लावायचे तांदूळ. त्यात खडा चालत नाही.

“आडनावातच गाव आहे माझ्या. पेंडवळकर.”

“हंय रवतत, त्येंका गावाचां नाव लावक लागत नाय,” ती म्हणाली. “सोडून जातत, त्येंकाच लागता.”

हार मानणं मुकुंद पेंडवळकरच्या अंगात नव्हतं. तीस वर्षं पुण्याच्या कॉलेजात भूगोल शिकवलेला माणूस. समोरचा गप्प बसला की त्याला समजलं नाही, असंच त्याला वाटायचं.

पेंडवळची गावपळण चालू होती. दर तीन वर्षांनी सगळं गाव घरांना कड्या घालून शिवेबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. ओहळाच्या ह्या अंगाला माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. का, ते विचारायचं नाही. ज्याला पटत नाही त्याने खुशाल घरी बसावं म्हटलं, तर घरीच तर बसता येत नाही.

चौथ्या सकाळी कौल लावायचा. देव हो म्हणाला की घरी.

आज चौथी सकाळ होती.

अनशीबाय गावची सुईण. ऐंशी ओलांडलेली. अर्धं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलेलं. तिला एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. मुकुंद दोन वर्षं सुट्टी मिळाली की येऊन तिच्यापाशी बसायचा. कुठल्या कोपऱ्याला काय म्हणतात, कुठली पाणंद कुणी बुजवली, कुठल्या विहिरीत कोण पडलं. ती सांगायची, तो लिहायचा. चारचौघांत तो तिला गुरू म्हणायचा. मनात मात्र त्याला वाटायचं, हिच्याकडे आहे तो नुसता ढीग. रचणारा मी.

आता त्याचा नकाशा पुरा झाला होता. त्रेसष्ट घरं, अकरा पाणंदी, चार विहिरी. एकच गोष्ट त्याला अजून हवी होती.

कौलाआधी अनशीबाय हजेरी घ्यायची. एकेका घराचं नाव घेऊन विचारायचं, मागे कोण राहिलं का. त्या घराच्या माणसाने सगळ्या गावादेखत उत्तर द्यायचं. त्या हजेरीत त्याला आपल्या आजोबांच्या, विहिरीजवळच्या घराचं नाव ऐकायचं होतं. बस, एवढंच.

“बावीकडचं घर,” तो म्हणाला. “आमचं. ते घ्याल ना?”

“थंय जोता आसा. घर खंय आसा?”

“जोतं तर आहे ना.”

अनशीबायने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

“बघूया,” ती म्हणाली.

सोनू घाडी आला. कौल लावण्याचा मान त्याच्या घराचा. त्याच्यामागे सगळा माळ गोळा झाला. बायकांनी गाठोडी आधीच बांधून ठेवली होती. शेवंताचं मूल नऊ दिवसांचं, ते पदराखाली. गुरांचा पेंढा कालच संपलेला. जो तो पलीकडे बघत होता.

अनशीबायने सुरुवात केली. कागद नाही, काही नाही.

“टेंबावयलां घर. मागे कोण रवलो?”

“कोण नाय, बाय.”

“वडाखालचां. मागे कोण रवलो?”

“कोण नाय.”

“पाणंदीतलां.”

“आमचो म्हातारो रवतंय म्हणत होतो. उचलून हाडलो.”

माळ हसला. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

त्रेसष्ट घरं झाली. मुकुंद मनात मोजत होता. तिचं एकही चुकलं नाही, एकही राहिलं नाही. सोनू घाडीने तांदळासाठी हात पुढे केला.

तिने सूप मागे घेतलं.

“ऱ्हाव रे. अजून एक आसा.”

मुकुंद एक पाऊल पुढे सरकला.

“बावीकडचां घर,” अनशीबाय म्हणाली. आवाज तोच, त्रेसष्ट घरांना होता तो. “मागे कोण रवलो?”

सगळ्या माळाने त्याच्याकडे बघितलं.

हेच तर हवं होतं त्याला. दोन वर्षं ह्याच क्षणासाठी ह्या बाईच्या अंगणात माश्या हाकल्या होत्या.

पण काल दुपारी तो गावात गेला होता.

माळ जेवून पडला होता. त्याने टेप घेतला, वही घेतली आणि ओहळ ओलांडला. गाव रिकामं आहे, कुणी मध्ये येणार नाही, कुणी चहाला थांबवणार नाही, मापं घ्यायला ह्याहून बरी वेळ कुठली? शिकलेल्या माणसाला अशी अक्कल सुचते. अडीच तास तो हिंडला. शेवटी आजोबांच्या जोत्यावर जाऊन बसला. तिथे एवढी शांतता होती की आपल्याच बुटांचा आवाज त्याला नकोसा झाला…

कुणी बघितलं नव्हतं. दोन शब्द पुरे होते. कोण नाय. ते म्हटले की घर मिळालं, गाव मिळालं.

खरं सांगितलं, तर पळण मोडली. पुन्हा तीन दिवस, सगळ्यांना. बाळंतिणीला, गुरांना, त्या म्हाताऱ्यालाही.

“आयकलंस मां?” अनशीबाय म्हणाली.

“ऐकलं.”

“मगे सांग.”

“…मी.”

“काय तू?”

“मी राहिलो. म्हणजे… गेलो होतो. काल दुपारी. आमच्या जोत्यावर.”



सोनू घाडीने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला आणि परत खांद्यावर टाकला.

“सोडा गाठोडी,” तो म्हणाला. “तीन दिस.”

आणि मग माळ फुटला.

“आंधळ्या मेल्या, पुण्यासून हंयसर वाट गावली, नि एवढो व्हाळ दिसलो नाय?”

“दगड पडांदे तुझ्या त्या नकाशार!”

“माझ्या गाईक आता तुझी वही घालू काय रे खावक?”

“शिकान शिकान म्हशीसारखो फुगलो, नि अक्कल रेड्याची!”

शेवंता तर बाळंतीण, पण तिनेच सगळ्यांत लांबलचक सुनावलं, त्याच्या सात पिढ्यांचं नाव घेऊन, मध्ये श्वाससुद्धा न घेता. पाणंदीतला म्हातारा काठी टेकत थेट त्याच्या पुढ्यात आला, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “बावीकडचो तो बावीकडचोच. उठ, झावळे हाड. माझा छप्पर गळता.”

दोन वर्षांत ह्या गावात त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. सर, बसा. सर, चहा घेतलात? सर, ऊन लागतं, सावलीत या.

त्याचे कान तापले होते. तो कसाबसा अनशीबायपाशी येऊन मातीतच बसला. तिने सूप बाजूला ठेवलं होतं आणि ती पानाला चुना लावत होती.

“बाय…”

“बोल.”

“मी जातो. पुण्याला. माझ्यामुळे…”

“पुण्याची वाट गावातसूनच जाता. व्हाळ वलांडूक तीन दिस जमाचा नाय. माळार बस.”

“ऐकलंत ना, काय काय बोलतायत मला…”

अनशीबायने पान तोंडात टाकलं. माळाकडे बघितलं. शेवंताचं अजून संपलं नव्हतं.

“तुझ्या आजाक पण ह्येच गाळी घालीत.”