पाचव्या दाराची चिंधी

त्या वर्षीचा हिवाळा निर्मळनाथ महाराजांनी उंबरखोऱ्यात काढला. गावाबाहेरच्या माळावर एक जुनी चिंच होती, तिच्या बुंध्याशी महाराजांचं आसन. सामान म्हणाल तर एक तांब्या, एक काठी आणि अंगावरची भगवी छाटी. लोक विचारत, "महाराज, थंडीचं कसं हो?" महाराज हसून म्हणत, "तिलाही कुणीतरी आपलं म्हणणारं हवं ना!"

गावातल्या खालच्या आळीत तान्हूबाई नावाची विधवा बाई राहत असे. डोंगरातलं गवत कापायचं आणि भारा डोक्यावर घेऊन लोकांच्या गोठ्यात नेऊन टाकायचा, हा तिचा रोजचा उद्योग. एकुलती एक लेक वेणू पोटुशी होऊन माहेरी आली होती. वेणूची आधीची दोन बाळं पाचवी पुजायच्या आतच गेली. आता तिसरी खेप. पोरीच्या तोंडावरचं हसू पार मावळलेलं.

अशा घरासाठी उंबरखोऱ्यात एक रीत होती. येणाऱ्या बाळाला घरचं कापड लावायचं नाही. मागून आणलेल्या कापडांचं दुपटं शिवायचं. आपल्या दारापासून लागोपाठ पाच दारांशी पदर पसरायचा, मधलं एकही दार वगळायचं नाही. अशा दुपट्यात गुंडाळलेलं मूल पाच घरांचं होतं, आणि पाच घरांचं मूल न्यायला मृत्यूही कचरतो, अशी त्या भोळ्या लोकांची श्रद्धा.

तान्हूबाईने पदर खोचला आणि निघाली. कुंभारणीने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ दिला. सुताराकडून धोतराचा तुकडा मिळाला. तेलिणीने लेकाची बाराबंदी दिली आणि गुरवाच्या म्हातारीने तर डोक्याखालची उशी उसवून खोळ काढून दिली! उरलं पाचवं दार, केरबा मास्तरांचं.

केरबा मास्तर शिंप्याच्या कामात तरबेज खरे, पण त्यांच्या कात्रीचा तोरा त्यांच्याहून मोठा. शहरातून आणलेली ती पितळी मुठीची कात्री मखमलीच्या म्यानात राहायची. बायकोनेसुद्धा तिला हात लावायचा नाही. मास्तर ओटीवर बसून गिऱ्हाइकांना सांगत, "ही नुसती दाखवली, की कापड आपणहून दुभंगतं!"

तान्हूबाई ओटीपाशी उभी राहिली. "मास्तर, लेकीच्या दुपट्याला एक चिंधी द्या. आन् घटकाभर कात्री दिलीत तर लई उपकार व्हतील."

घरात मास्तरांची बायको हौसाबाई हातात तुकडा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. मास्तरांनी डोळे वटारले तशी ती तिथेच थबकली.

"माझी कात्री भिकेच्या चिंध्यांना?" मास्तर म्हणाले. "अगं, तिची धार जाईल! आन् चिंध्यांनी पोरं जगाया लागली, तर मी शिंपी कशाला ऱ्हाईन? वैदूच होईन की!" ओटीवरची माणसं खो खो हसली. तेवढ्याने मास्तरांना चेव आला. "जा त्या माळावरच्या गोसाव्याकडं. त्याच्या अंगावर लई चिंध्या हायेत. दे म्हणावं त्यातली एक."

तान्हूबाईला रडू नाही आलं, राग आला. वाटेने ती स्वतःशीच म्हणत होती, 'दुपटं व्हनार. पाच दारांचंच व्हनार.'

पण कापायचं कशाने? घरच्या विळीवर धोतर धरून पाहिलं, तर चिंचेच्या चिकट्याने माखलेल्या पात्याने कापड दातरलं, कडा फाटक्या झाल्या. वरच्या आळीतला न्हावी भला माणूस, त्याने वस्तरा पुढे केला. सुतकातल्या डोक्यांवरून फिरलेलं पातं, ते बाळाच्या कापडाला? तिने हात जोडले आणि कापडं काखेत घेऊन तशीच माळावर गेली.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग खांद्यावरची छाटी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "माय, मास्तर बरोबर बोलला. चिंध्या माझ्याकडेच पुष्कळ. ही अख्खीच घे, हवी तशी काप."

"महाराज! आन् थंडी?"

"थंडीचं मी बघतो. तू बाळाचं बघ."

तान्हूबाईचे डोळे भरून आले. "पन कापू कशानं, महाराज? कात्री मिळत न्हाई. इळीनं कापड दातरतं. वस्तऱ्याला हात लावाया जीव धजत न्हाई."

"तुझ्या कमरेला काय खोचलंय?"

तिने ओशाळून पदर पुढे ओढला. "ह्यो गवताचा इळा जी. चिखलामातीतला."

"याने आजवर काय केलंस?"

"काय करनार? गवत कापलं. मालक गेल्यावर ह्याच्यावरच पोर वाढवली."

महाराज म्हणाले, "एक पोर याने वाढवली आणि दुसऱ्याच्या वेळी तू हत्यार शोधत गावभर फिरतेस? सगळ्या गावात याच्याहून चांगलं हत्यार तुला कुठे मिळायचं?"

तान्हूबाईने तिथेच दगडावर पाणी शिंपडून विळा घासला. मांडी मोडून बसली, मूठ पायाच्या बोटांत घट्ट धरली, पातं वर केलं. महाराजांच्या वस्त्राला गवताचा विळा लावायचा, म्हणून तिने आधी छाटी कपाळाला लावली. "जय गुरुनाथा!" म्हणून तिने छाटी ताणून पात्यावरून ओढली. काय सांगावं! कापड दोऱ्यादोऱ्याने सरळ सुटत गेलं, कुठे एक दशी लोंबली नाही. लुगडं, धोतर, बाराबंदी, खोळ, सगळ्यांचे चौकोन विळ्याने असे काढून दिले, की तान्हूबाईच आपल्या हातांकडे बघत राहिली.

मग रोज उन्हाला बसून तिने टाके घातले. मधोमध भगवा तुकडा, भोवती चार घरांची कापडं. एक कोपरा मात्र उघडा ठेवला, पाचव्या दारासाठी. गवताला जाता-येता ती मास्तरांच्या ओटीपुढे उभी राही. "मास्तर, चिंधी." मास्तर मान न वळवता म्हणत, "न्हाई." ती निमूट निघून जाई आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. आळीतली पोरं तिची नक्कल करू लागली. शेजारणी म्हणाल्या, "बाई, सोड की नाद! टाक घरचाच एखादा तुकडा, कोण बघतंय?" तान्हूबाई म्हणाली, "बाळ बघंल."

आणि एके दिवशी सकाळी वेणूला कळा सुरू झाल्या. गिरजा सुईण आली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाळ झालं. मुलगी. पण रडणं नाही, हालचाल नाही. छातीत पाखरासारखी नुसती धुगधुगी. गिरजाने तळवे चोळले, पाठ थोपटली, कानाशी पितळी थाळी वाजवली. पोर निळं पडत चाललं. वेणूने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आई, हे बी गेलं ना?"

"गप! हाय अजून," तान्हूबाई कडाडली आणि तिने बाळाला दुपट्यात घेतलं. त्या उघड्या कोपऱ्यातून एक इवलंसं पाऊल बाहेर आलं, थंडगार. आता मात्र तिचा धीर सुटू लागला. बाळाला छातीशी धरून ती उंबऱ्यापर्यंत आली, तर दारात महाराज उभे! अंगावर लंगोटी, हातात काठी.

"महाराज, ह्यो कोपरा उघडाच ऱ्हायला! पाचव्या घरानं दिलं न्हाई हो!"

महाराज वळून आळीकडे पाहू लागले. "घाबरू नकोस माय. पाचवं घर निघालंय."

खरंच, आळीतून केरबा मास्तर धावत येत होते. धोतर सुटलेलं, कपाळावर घाम, हातात ती पितळी मुठीची कात्री. मागे हौसाबाई. पाटलांच्या लेकाचं लग्न तोंडावर, नवरदेवाच्या कोटाचं कापड मांडून मास्तरांनी सकाळी कात्री उचलली, तर तिचं तोंड उघडेना! तेल सोडलं, लोहाराने ठोकून पाहिलं. लोहार म्हणाला, 'मास्तर, हिच्यात खोट कायबी न्हाई.' शेवटी हौसाबाईच फटकन बोलली, 'तिनं तोंड मिटलं, कारन तुम्ही उघडू नये तिथं उघडलंत!' तसे मास्तर महाराजांचा शोध घेत इथवर आले होते.

"महाराज, माझी कात्री..." एवढं बोलले आणि त्यांची नजर त्या निळ्या पावलावर पडली. मास्तरांनाही लेकरं होतीच की.

महाराज शांतपणे म्हणाले, "कात्रीचं नंतर बघू मास्तर. चिंधी आणलीस का?"

मास्तरांनी कात्री खाली टाकली. डोक्यावरचा जरीकाठी पटका काढला. हा पटका म्हणजे त्यांचा जीव की प्राण, बारशा-लग्नातच बाहेर निघायचा किंवा पाटलांकडे जायचं असलं की. आज बेतलेला कोट पाटलांना दाखवायला जायचं होतं, म्हणून डोक्यावर होता. "कापायला... कापायला काय हाय?" ते कासावीस होऊन म्हणाले.

तान्हूबाईने कमरेचा विळा काढून त्यांच्यापुढे धरला.

उभ्या आयुष्यात मास्तरांनी विळा हातात घेतला नव्हता. ते तिथेच अंगणात फतकल मारून बसले, तान्हूबाईने दाखवली तशी मूठ पायाच्या बोटांत धरली आणि पटका पात्यावरून ओढला. चर्र करून जरीकाठ सुटला. सुई ओवलेलीच होती. बाळ हौसाबाईच्या मांडीवर, आणि तान्हूबाई कोपऱ्याला टाके घालत होती, भराभर, पण एकही टाका लांब पडू न देता. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला आणि पाऊल आत झाकलं.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच क्षणी बाळाने असा टाहो फोडला की पार माळावरच्या चिंचेवरचे कावळे उडाले! आतून वेणू हंबरडा फोडून उठली. गिरजा सुईण तर हसतही होती आणि रडतही होती. अंगणात पडलेल्या कात्रीचं तोंड केव्हा उघडलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मास्तरांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज! धारेचा गर्व झाला होता मला!"

महाराजांनी त्यांना उठवलं. "मी काय दिलं रे? एक फडकं. दारोदार उभी राहिली ती, आणि तुझ्या दाराशी तर रोज. तिच्याकडे जा."

केरबा मास्तर वळले. पोरं बघत होती, कोटाची चौकशी करायला मागोमाग आलेला पाटलांचा गडी बघत होता. त्याची पर्वा न करता, उघड्या डोक्याने, ते त्या गवतवालीपुढे वाकले आणि तिच्या पायाशी पडलेल्या विळ्यावर त्यांनी कपाळ टेकवलं.

तान्हूबाई म्हणाली, "उठा मास्तर. तुमची बी नात हाय आता ही. घ्या जरा."