सिलिंडरची किल्ली

रावराणे शेठच्या नव्या स्पीडबोटीची पूजा होती, पण बंदरावर कुणाच्याही तोंडावर हसू नव्हतं. त्यांची जुनी बोट गेल्या वर्षी भर समुद्रात जळाली, तेव्हा ती चालवणारा येसूबायचा भाऊ गेला होता. आता ओवाळायला येसूबायलाच बोलावलेलं. बोटीवर चढताच तिची नजर काचेच्या कपाटावर गेली. आग विझवायचं सिलिंडर जुन्या बोटीसारखं याही वेळी कुलपातच!

"बाहेर ठेवलं की चोरीला जातं, बाय," शेठ म्हणाले. "किल्ली बंगल्यावर आहे."

येसूबायने पेटतं निरांजन उचललं आणि थेट पेट्रोलच्या टाकीपाशी नेलं.

"अगं, भडका उडेल! विझव ते!" शेठ किंचाळले.

"विझवते की. किल्ली द्या."

शेठनी घाबरून सगळे खिसे चाचपले.

येसूबायने वात चिमटीत विझवली. "माझ्या भावानं पण मरताना हीच मागितली असंल."