तांदूळ वाढले

"मग चूक कुणाची, बुवा? बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?" करंबेळकर साहेबांनी विचारलं.

हेमगिरीबुवा चुलीपाशी बसले होते. चूल थंड होती.

"तुम्हाला कुणाची हवी आहे, साहेब?"

ओढ्याकाठच्या या गोसावीमठात गावाची अंगणवाडी भरते. त्याच पडवीत, दुसऱ्या अंगाला, म्हातारी माणसं दिवसभर येऊन बसतात. त्यांची लेकरं ऊसतोडीला गेलेली असतात. दोघांचंही दुपारचं जेवण सरकारचं. तांदूळ सरकारचा, डाळ सरकारची, आणि शिजवायला तान्हाबाई. करंबेळकर साहेब या कामाचे तालुक्याचे अधिकारी.

साहेब माणूस वाईट नव्हते. कानावर पडलेला शब्द जसाच्या तसा धरायचे, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. मठात आले की उपदेश मागायचे, शिष्य करून घ्या म्हणायचे. बुवा हसून टाळायचे. बुवा साऱ्या गावाला अहोजाहो करीत, शेंबड्या पोरालासुद्धा. अरेतुरे फक्त शिष्याला, आणि शिष्य त्यांना एकही नव्हता.

आज साहेब उपदेशासाठी आले नव्हते. तान्हाबाईला कामावरून काढायचं त्यांनी ठरवलं होतं. मठ बुवांचा, तेव्हा आधी त्यांच्या कानावर घालावं, एवढाच हेतू.

"बाईंनी फोनवर स्वतः सांगितलं. साहेब, तांदूळ वाढले. हेच शब्द! मी म्हटलं, छान. आणि इथे यायची पोती पलीकडच्या गावाला पाठवली. इथे शिल्लक असताना आणखी कशाला टाकू?"

"मग?"

"मग पुन्हा फोन. साहेब, डाळपण वाढली. मी म्हटलं, शाबास बाई, अशी काटकसर हवी."

तान्हाबाई दाराआड उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"मला वाटलं, सायबांना समजलं," ती म्हणाली. "संपलं कसं म्हनावं हो? लेकरं म्होरं बसल्याली..."

मठात होतं नव्हतं ते ज्वारीचं पीठ आंबील होऊन केव्हाच गेलं. तरी पोरं येत राहिली, म्हातारी माणसं येत राहिली. येऊन बसायची, आणि दिवस कलला की उठायची.

त्यांत हौशी होती. दोन वर्षांची, हातापायांच्या नुसत्या काड्या. आईबाप उसाच्या फडावर, आणि ही आंधळ्या केरूआजाजवळ. आजा म्हाताऱ्यांच्या रांगेत आणि नात त्याच्या मांडीला टेकून. तिचं वजन वाढावं म्हणून तान्हाबाई तिला रोज एक पळी जास्त वाढायची. मागच्या सोमवारी हौशी गेली.

"पोर तापानं गेली," साहेब म्हणाले. "डॉक्टरांनी तसंच सांगितलंय."

"ताप होताच," बुवा म्हणाले. "अंगात दुसरं काही नव्हतं."

...

"साहेब, तुमच्या मातोश्री आहेत?"

"नाहीत. तीन वर्षं झाली."

"घरातलं मीठ संपलं की त्या काय म्हणायच्या?"

साहेबांनी दाराआडच्या तान्हाबाईकडे पाहिलं.

"काय म्हणायच्या?"

"मीठ वाढलं, म्हणायच्या."

"आणि हातातली बांगडी फुटली की?"

"बांगडी वाढली... पण ते घरी, बुवा! कचेरीत वाढलं म्हणजे वाढलं."

"पोरं जेवतात, ती कचेरी?"

मला विचाराल तर दुसरा कुणी असता तर याच वेळी जीप गाठून मोकळा झाला असता. साहेब बसून राहिले. तेवढं त्यांच्या पदरी टाकलं पाहिजे.

दुपार झाली. कुणी हाक मारली नाही, तरी पंगत बसली. इकडे पोरं, तिकडे म्हातारी माणसं. केरूआजानं आपली ताटली मांडली, आणि तिच्याशेजारी एक लहान ताटली मांडली. आंधळ्याला कुणी काही बोललं नाही.

बुवा उठले. त्यांनी घासून पालथं घातलेलं पातेलं उचललं आणि साहेबांच्या हातात दिलं. वर पळी ठेवली.

"वाढा."

साहेबांनी आत पाहिलं.

"बुवा, यात काहीच नाही. नवीन पोती यायला अजून आठवडा आहे."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

साहेब पंगतीपुढे जाऊन उभे राहिले. पोरांनी माना वर केल्या. एका पोरानं ताटली पुढे सरकवली.

"आज... तांदूळ सं..."

साधा शब्द. कचेरीत दिवसातून शंभरदा बोलला जाणारा. पण इतकी तोंडं वर बघत असताना तो साहेबांच्या ओठांबाहेर पडेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले.

शेवटी दुसराच शब्द बाहेर आला. आईचा.

"वाढलं," साहेब म्हणाले.

तान्हाबाईनं दाराआडून हुंदका दिला.

केरूआजानं तो एकच शब्द ऐकला. त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू आलं. हात पुढे झाला आणि आधी लहान ताटलीत गेला. बोटं ताटलीभर फिरली... थांबली... पुन्हा फिरली.

साहेब वळले. त्यांना रडू आवरत नव्हतं. नोकरी, हुद्दा, सारं विसरून ते पोरासारखे बुवांकडे बघत राहिले.

"मी काय करू, बुवा?"

हातातली पळी खाली पडली होती. बुवांनी ती उचलली, पंच्यानं पुसली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"आता वाढ."